तेरेखोल ते पोळे पायी, दिवस आठवा: काब द राम ते चावडी (आणि चावडीतली खरेदी)

फोंड्याची_पायवाट | संध्याकाळी ७:२०

चावडीला, म्हणजे काणकोणच्या बाजारगावाला, पोचले. पाय गरम पाण्यात सोडून बसले आहे आणि शेजारी खाण्याच्या दोन भरलेल्या पिशव्या आहेत. आज दुपारी चारला सॅकमध्ये खाण्यासारखं एक लिंबू आणि चिमूटभर मीठ एवढंच होतं, म्हणून या पिशव्यांकडे परत परत बघते आहे.

आधीचे भाग ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी: तेरेखोलच्या किल्ल्यापासून कर्नाटकच्या हद्दीवरच्या पोळेपर्यंत गोव्याचा किनारा पायी चालायचा, असं ठरवून निघाले आहे. सरळ रेषेत हा किनारा सुमारे १०० किलोमीटर भरतो. पण नद्यांची मुखं, खाड्या आणि समुद्रात घुसलेले डोंगर वळसे घालायला लावतात, त्यामुळे पायांना बरंच जास्त पडतं. तंबू नाही, स्टोव्ह नाही. पाणी धरून पाठीवर १० किलो. रात्री ओळखीच्यांकडे किंवा भाड्याच्या खोलीत मुक्काम.

चूक कालची आहे. बेतूलहून सडा (जांभ्या दगडाचं माळरान) चढून कनागिणीला पोचले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. दुकानाची फळी लागलेली. आपल्याकडे गावातली दुकानं एक ते चार बंद असतात, हे मला कुणी शिकवायला नको, जन्म इथलाच आहे. पण आठ दिवस मी चालण्याचा हिशेब उन्हाशी लावला, भरतीशी लावला, पायांच्या फोडांशी लावला. दुकानाच्या वेळेशी लावलाच नाही. चारपर्यंत थांबले असते तर काब द रामला अंधार पडला असता, म्हणून तशीच पुढे गेले. रात्री यजमानांकडे पोटभर हुमण (माशांचं कालवण) आणि भात मिळाला, पण आजच्या वाटेसाठी सॅकमध्ये उरलं काय, तर ४ खजूर आणि ते लिंबू.

आज निघायची घाई भरतीमुळे. पाळोळेच्या उत्तर टोकाला खाडीचं तोंड आहे. आगोंदहून डोंगरावरच्या वाटेनं आलं की ते ओलांडावं लागतं, आणि ओहोटीलाच ओलांडावं. आमच्या आजोबांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज शुद्ध दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण भरती आणि दुपारी दीड-पावणेदोनला ओहोटी. त्या वेळेला खाडीवर असायचं तर काब द रामच्या किल्ल्याजवळून साडेसहाला हलायला हवं. यजमानीणबाई म्हणाल्या, सातला पोळे (घावने) काढते, खाऊन जा. मी नको म्हटलं. गावाबाहेर अर्धा किलोमीटर आले आणि मागून पोदेराची (पाववाल्याची) पोंपों ऐकू आली. गरम पाव अर्ध्या किलोमीटरावर होता आणि मी मागे वळले नाही. आजच्या दिवसातली ही एक गोष्ट मला परत करायला मिळाली तर वेगळी करीन.

काब द राम ते खोला गाव हा सुमारे ७ किलोमीटरांचा तुकडा बहुतेक सड्यावरचा. काळाभोर जांभा, त्यात गुडघाभर वाळलेलं गवत, आणि उजव्या हाताला खाली समुद्र. सकाळी आठपर्यंत तिथं चालणं सुख आहे. काजूला मोहर धरलाय, त्याचा वास रस्ताभर होता. एक समुद्र गरुड कड्याच्या कडेनं माझ्याबरोबर बराच वेळ तरंगत आला, पंख न हलवता. नऊनंतर मात्र तोच जांभा तापतो आणि खालूनही भाजतो. सावली शोधायची तर एखाददुसरं झाड. ३ लिटर पाणी घेऊन निघाले होते, खोल्याच्या अलीकडे दीड लिटर संपलं.

खोल्याच्या आधी एका चढावर रस्त्याच्या कडेला, जुन्या पायवाटेच्या तोंडाशी, चिऱ्यांचा एक कट्टा दिसला. छातीइतका उंच आणि वरून सपाट. बसायला फार उंच, पण पाठ करून उभी राहिले तर सॅक न काढता त्यावर टेकवता आली. आठ दिवसांत खांद्यांना एवढा आराम कुठं मिळाला नव्हता. पाच मिनिटं तशीच उभी होते.

खजूर तिथंच संपले. खोल्यात एका घरी पाणी मागायला गेले. अंगणात सुपांत मिरच्या वाळत होत्या, त्याच त्या खोल्याच्या, ज्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घरातल्या बाईंनी कळशीतून बाटल्या भरून दिल्या आणि विचारलं, "खंय वता गो अशी चलत?" (कुठं जातेस गं अशी चालत?) पोळ्यांमेरेन (पोळेपर्यंत) म्हटल्यावर माझ्या तोंडाकडे जरा बघितलं, काही न बोलता आत गेल्या आणि वाडगाभर पेज आणि खारातलं तोर (मिठात मुरवलेली कैरी) घेऊन आल्या. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, कोमट. दोन वाडगे प्याले. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. शेवटी मिरच्या विकत द्या म्हटलं, त्या दिल्या. पाव किलो.

त्या पेजेनंतर पाय वेगळे चालले, हे मी अगदी खरं लिहिते आहे. घामातून जातं ते मीठ आणि पाणी, आणि पेजेत दोन्ही आहेत, वर पिठूळ. पुडीतलं ओआरएस माझ्याकडे दोन दिवसांपूर्वी संपलं होतं. लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरचं प्रमाण पाठ आहे, पण साखर नव्हती.

आगोंदला अकराच्या सुमाराला पोचले. किनाऱ्यावर पाणी उतरत होतं आणि ओली वाळू घट्ट होती, पायाखाली रस्त्यासारखी. कासवांच्या अंड्यांभोवती वनखात्यानं कुंपण घातलेलं आहे, त्याच्या समुद्राकडच्या बाजूनं, ओल्या पट्ट्यातूनच गेले. एका गाड्यावर पातळभाजी-पाव खाल्ला, परत मागवला. बरोबर न्यायला काही मिळेल का विचारलं तर पाव संपला होता.

आगोंदच्या दक्षिणेकडून डोंगर चढणारी वाट बटरफ्लाय किनाऱ्याच्या वरून पाळोळेकडे उतरते. ही वाट एकटीनं धरायची नाही, हे घरी कबूल करून आले होते. होडीजवळ जाळं विणत बसलेल्या एका मामांना विचारलं, त्यांनी आपल्या पुतण्याला बरोबर दिलं. ठरलेले पैसे दिले. वाट इतक्या ठिकाणी फुटते, आणि काही फाटे सरळ कड्यावर जाऊन थांबतात. पुतण्या नसता तर मी कुठल्या तरी कड्यावर बसून असते.

खाडीच्या तोंडाशी पावणेदोनला. पाणी गुडघ्याच्या वर आलं, एका ठिकाणी मांडीपर्यंत. हिशेबाप्रमाणे इतकं असायला नको होतं. सॅकचा कंबरपट्टा सोडून, काठीनं तळ चाचपत पार झाले. पुढे पाळोळेचा किनारा, मग चावडी. एकूण २२ किलोमीटर.

चावडीला साडेतीन. बाजार अर्धा झोपलेला. एका दुकानाच्या पायरीवर सॅकला टेकून बसले आणि चारची वाट बघितली. घेतलं ते असं: काकणां २०, माडाचा काळा गूळ अर्धा किलो, भाजलेले शेंगदाणे, लिंबं, साखर, मीठ, औषधांच्या दुकानातून ओआरएसच्या पुड्या आणि फोडांसाठी चिकटपट्टी. काकणांबद्दल बाहेरच्या वाचकांसाठी: पोदेराकडचा बांगडीच्या आकाराचा कडक पाव. पोळी किंवा उंडो (पोदेराकडचे मऊ पाव) दुसऱ्या दिवशी चिवट होतो, काकणां चार दिवस तशीच राहतात आणि सॅकमध्ये चुरत नाहीत. दोरीत ओवून बाहेर लटकवता येतात. गुळाबरोबर काकण म्हणजे माझ्या मते या किनाऱ्यावर चालणाऱ्यासाठी सगळ्यात चांगलं खाणं.

उद्या तळपण, गालजीबाग, लोलये, पोळे. काही सांगायचं असेल तर आज रात्री सांगा. जीपीएसचा माग उद्या-परवा टाकते.

---

दर्याकाठ | रात्री ८:०५

ताई, आधी अभिनंदन. मी काणकोणचाच, घरात तीन पिढ्या मासेमारी. पाऊणपटीचा हिशेब बरोबर आहे, आमचे बाबाही तोच करतात. पण तो वेळ सांगतो, पाणी किती उतरेल ते सांगत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भरती चढत नाही तशी ओहोटीही उतरत नाही. दशमीला तो भांग नुकताच सुटत असतो. म्हणून तुम्हाला मांडीपर्यंत पाणी लागलं. हीच खाडी त्रयोदशीला ओलांडली असती तर ओहोटी चारच्या सुमाराला, पण पाणी कितीतरी कमी. पुनवेच्या आणि अमावास्येच्या पुढचे दोन दिवस सगळ्यात जोराचं उधाण, त्या दिवसांत ओहोटीही सगळ्यात खाली जाते.

दुसरं, दिवसातल्या दोन ओहोट्या आपल्या किनाऱ्यावर सारख्या नसतात. एक जास्त उतरते, एक कमी. कुठली, ते तिथीवरून कळत नाही, त्यासाठी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. वेळेतही पाऊणपटीपेक्षा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ओहोटी होऊन गेल्यावर पहिला तासभर पाणी हळू चढतं, मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात. माणूस पहिल्या तासातलं बघून म्हणतो, वेळ आहे अजून. तिथंच फसतो. तुम्ही पावणेदोनला होता म्हणून ठीक. साडेतीनला पोचला असता तर परत फिरा म्हटलं असतं.

---

मेघा_डिचोली | रात्री ८:२०

ताई, वाचून अंगावर काटा आला आणि निघावंसंही वाटलं. दोन प्रश्न, दोन्ही बायकांचे. सड्यावरच्या त्या ७ किलोमीटरांत आडोसा कुठं? आणि एकटी चालताना लोक काय म्हणतात?

---

फोंड्याची_पायवाट | रात्री ८:४०

दर्याकाठ, मनापासून आभार. वेळ आणि खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आज मांडीपर्यंतच्या पाण्यानं सांगितलं आणि तुम्ही समजावलं. वरच्या लेखात बदल करत नाही, तुमचा प्रतिसाद लोकांनी वाचायलाच हवा. उद्याच्या दोन नद्यांना मी पुलावरूनच जाणार आहे.

मेघा, आडोसा सड्यावर नाही. निघण्याआधी आणि खोल्यात घरी विचारून. मी प्रत्येक वेळी घरातल्या बाईलाच विचारलं आणि आठ दिवसांत एकदाही नकार मिळाला नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जागेवर अवलंबून. उत्तरेकडच्या गर्दीच्या किनाऱ्यांवर मला कुणी विचारलंच नाही, आणि तिथंच मला थोडी भीती वाटली. बेतूलच्या पुढे प्रत्येक वळणावर "खंय वता?" विचारतात. पहिल्या दिवशी त्याचा कंटाळा आला असता. आता मी स्वतःहून थांबून सांगते, कुठून आले, कुठं चालले. म्हणजे पुढच्या वाडीपर्यंत माझी बातमी माझ्याआधी पोचलेली असते. डोंगरातल्या वाटेला मात्र सोबत घ्यायचीच, बाई असो की बाप्या.

---

सह्याद्री_पुणे | रात्री ९:१०

उत्तम लिखाण. मी सह्याद्रीत बऱ्याच लांब पल्ल्याच्या वाटा केल्या आहेत, पुढच्या हिवाळ्यात हाच किनारा करायचा विचार आहे. तीन गोष्टी विचारतो.

१० किलोतलं ३ किलो पाणी. वाटेत विहिरी असतील तर इतकं का वाहायचं?

गॅसचा डबा, सुकवलेलं जेवण वगैरे चावडीत मिळतं का, की आधी पार्सल पाठवून ठेवावं?

आणि किनाऱ्यावर तंबू लावला तर मुक्कामाचे पैसे वाचतील. आगोंद, गालजीबाग हे शांत किनारे आहेत असं वाचलं. जीपीएसचा माग आज टाकलात तर बरं होईल, मी नकाशावर आखायला बसलो आहे.

---

आगोंदची_लाट | रात्री ९:३५

पुणेकर दादा, राग मानू नका, पण तंबूचं सोडून द्या. आगोंद आणि गालजीबाग, तसेच उत्तरेला मोरजी आणि मांद्रे, हे ऑलिव्ह रिडले कासवांचे किनारे आहेत. तुम्ही ज्या हिवाळ्यात येणार त्याच महिन्यांत मादी रात्री वाळूत चढून अंडी घालते. तिला उजेड दिसला, माणूस हलताना दिसला, तर ती अंडी न घालता परत पाण्यात जाते. आणि पिल्लं अंड्यांतून बाहेर पडतात ती समुद्रावरच्या उजेडाकडे धावतात. तुमच्या तंबूतला दिवा त्यांना समुद्रासारखा वाटतो आणि ती उलट दिशेनं जातात. अंड्यांना वाळूत साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, तेवढे दिवस त्या वाळूवर कोण काय करतं याकडे आम्ही गावातले लोक डोळ्यांत तेल घालून बघतो. ताई कुंपणाच्या खालून ओल्या वाळूतून गेल्या, तसंच जायचं असतं.

आता ताईंना. तुम्ही आमच्या गावातल्या पोराला बरोबर घेतलंत, त्याला पैसे दिलेत, फार बरं वाटलं. पण तो माग टाकू नका. हात जोडून सांगते. डोंगरावरच्या वाटेचा माग एकदा मोबाइलवर फिरू लागला की लोक आपापले येतात. गेल्या दोन वर्षांत आम्ही किती जणांना संध्याकाळी डोंगरातून शोधून आणलं, मोजलेलं नाही. एक मुलगी कड्याच्या फाट्यावर अंधारात रडत बसली होती, तिच्या फोनवर बाण सरळ पुढे दाखवत होता. आणि पाण्याच्या बाटल्या, त्या तर विचारू नका.

---

सह्याद्री_पुणे | रात्री ९:५०

कासवांचं एवढं माहीत नव्हतं. तंबू रद्द.

मागाबद्दल मात्र पटत नाही. माहिती लपवून सुरक्षितता येत नाही. अर्धवट माग आधीच कुठं कुठं असतील, त्यांपेक्षा एक नीट, फाटे दाखवणारा, इशारे लिहिलेला माग असणं बरं. आम्ही सह्याद्रीत हेच केलं आणि वाट चुकणारे कमी झाले, असा माझा अनुभव आहे. प्रत्येकाला वाटाड्या मिळेल, परवडेल, असं नाही.

---

आगोंदची_लाट | रात्री १०:०५

सह्याद्रीतल्या वाटेवर दिवसाला किती माणसं असतात, दादा? पाळोळे आणि आगोंद यांच्यामध्ये हंगामात हजारो माणसं आहेत, आणि त्यांच्यातली बरीचशी चपला घालून, अर्धी बाटली पाणी घेऊन, सूर्यास्ताच्या तासभर आधी निघतात. तुमच्यासारखा माणूस माग बघून नीट जाईल. तुमच्यासाठी भीती नाहीच. आणि वाटाडा परवडत नसेल तर रस्ता आहे की. आगोंदहून पाळोळेला डांबरी रस्ता जातो.

---

फोंड्याची_पायवाट | रात्री १०:३०

दोघांचं दोनदा वाचलं. सह्याद्रीदादा, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, आणि महिन्यापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. पण आज त्या डोंगरात मी स्वतः पाहिलं की फाट्यावर निर्णय कशावरून घ्यायचा ते नकाशात येत नाही. पुतण्या एका जागी थांबला आणि म्हणाला, पावसात ही बाजू खचलीय, आता वरून. तिथं मागच्या वर्षीचा माग सरळ गेला असता. म्हणून काब द राम ते आगोंद आणि पाळोळे ते चावडी एवढाच माग टाकते. मधला तुकडा रस्त्यानं दाखवीन आणि खाली लिहीन, की डोंगरानं जायचं तर आगोंदमध्ये माणूस विचारा.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. पाणी ३ लिटर यासाठी की सड्यावर विहीर नाही. घरं आहेत तिथं विहीर आहे, पण घरं सड्याखाली वाडीत, रस्त्यापासून आत. उन्हात अर्धा किलोमीटर उतरून परत चढायचं आणि तेवढ्यासाठी पाणी भरायचं, त्यापेक्षा वाहिलेलं बरं. किनाऱ्याच्या सपाट तुकड्यांवर, म्हणजे केळशीच्या बाजूला वगैरे, मी एकच लिटर ठेवत होते.

गॅसच्या डब्याची चौकशी मी केली नाही, लागतच नाही. खरं सांगायचं तर इथं सुकवलेलं जेवण आणणं मला पटत नाही. पोदेर सकाळी आणि बऱ्याच गावांत संध्याकाळीही येतो. वाडीवाडीत पोसरो (किराणा दुकान) आहे, गाड्यावर भजी आणि च्या आहे. फक्त त्यांच्या वेळा पाळायच्या. आजपासून माझा नियम: सकाळी पोदेर येऊन गेल्याशिवाय गाव सोडायचं नाही, आणि एकच्या आत नाहीतर चारनंतर दुकानाच्या गावात असायचं. भरती आणि दुकान यांचं जमत नसेल तर चालण्याचं अंतर कमी करायचं. पार्सल पाठवलंत तर तुमचं जेवण पुण्याहून येईल आणि तुम्ही खोल्याच्या घरासमोरून पाणी न मागता निघून जाल.

---

खोल्याचे_माहेर | रात्री ११:१५

बाय, मी सहसा लिहीत नाही, वाचते. वय ७१, मडगावला असते, शाळेत शिकवत होते. माहेर खोल्याचं. तुझं लिखाण सुनेनं दाखवलं आणि झोप गेली.

तू जो चिऱ्यांचा कट्टा लिहिलास ना, छातीइतका, वरून सपाट, तो बसायचा नव्हेच. तो भार टेकवायचा. डोईवर पाटी घेऊन चढणाऱ्या माणसाला मध्ये थांबायचं तर पाटी उतरवायला दुसरा हात लागतो, आणि परत डोईवर चढवायलाही. एकटी बाई काय करणार? म्हणून कट्टा डोक्याच्या जरा खाली. मान वाकवली की पाटी सरळ कट्ट्यावर सरकते, मान काढून घ्यायची, श्वास घ्यायचा, परत मान घालून उचलायची. तुला सॅक टेकवता आली ती त्यामुळे.

माझी आई मिरच्यांची पाटी घेऊन चावडीला चालत जायची. मिरची पावसाळ्यात डोंगराच्या उतारावर लावायची, मग तोडायची, वाळवायची, आणि मग बाजार. आमची वाट समुद्राकडून नव्हती, वरून डोंगरानं होती. पहाटे तीनला उठून पेज करायची, अर्धी पिऊन अर्धी आमच्यासाठी झाकून ठेवायची. बाजार उन्हाआधी गाठायचा. मिरच्या विकून मीठ, गूळ, रॉकेल, कधी कापड, घेऊन परत तीच वाट. मी दहा वर्षांची असताना दोनदा तिच्याबरोबर गेले. जाताना माझ्या डोक्यावर छोटी पाटी होती आणि येताना गुळाची ढेप. त्या कट्ट्यावर तिनं माझी पाटी आधी उतरवली आणि मग स्वतःची.

तू पेज प्यायलीस, खारातलं तोर खाल्लंस, ते वाचून तोंडाला चव आली. उन्हात चालणाऱ्याला पेज द्यायची हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पैसे देत होतीस ते मात्र बरं केलं नाहीस. मिरच्या घेतल्यास ते बरं केलंस.

एक विचारते. त्या कट्ट्याच्या डाव्या अंगाला एक रातांब्याचं झाड होतं. आहे का अजून?

---

दर्याकाठ | रात्री ११:२५

काकी, आमच्या आजीकडून त्या मिरचीवाल्या बायकांचं ऐकलंय. त्या येताना सुकं मासं नेत, आणि आजी त्यांच्याकडून मिरची घेई. पैशाचा व्यवहार कमी, मापट्याला मापटं.

---

खोल्याचे_माहेर | रात्री ११:३०

सुके बांगडे, होय. पाटीच्या तळाला, गुळापासून वेगळे, केळीच्या पानात. कदाचित तुझ्या आजीचेच असतील, पुता.

---

फोंड्याची_पायवाट | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:५०

काकी, तुमचा प्रतिसाद पहाटे वाचला. तो कट्टा कशासाठी आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या आईनं जिथं पाटी टेकवली तिथं मी पाठ टेकवून उभी होते, आणि तुम्ही ज्या बाजाराला मिरची घेऊन आलात त्याच बाजारातून काल गूळ घेतला. यावर काय लिहावं ते मला सुचत नाही.

झाड आहे. डावीकडे, कट्ट्याला जवळजवळ लागून, बुंधा दोन हातांच्या कवेत न मावणारा. रातांब्याचंच असावं, पानं तशी गर्द आणि कोवळी पालवी तांबूस होती. सावली त्याचीच होती, म्हणून तर तिथं थांबले. कट्ट्याचे वरचे दोन चिरे एका बाजूनं निखळलेत, बाकी शाबूत आहे. काल फोटो काढला होता तो सॅक टेकवल्याचा, त्यात झाडाचा बुंधा अर्धा आला आहे. घरी गेल्यावर मोठा करून टाकते.

पोदेर आत्ताच येऊन गेला. चार पोळ्या घेतल्या, दोन गरम खाल्ल्या. काकणां सॅकला दोरीनं बांधली आहेत. निघते तळपणकडे.

---

खोल्याचे_माहेर | सकाळी ७:१०

फोटो नक्की टाक, बाय. भाऊ मुंबईला असतो, त्याला दाखवायचा आहे. तो त्या झाडावर चढून पडला होता.